पश्चिमेचा कप्पा

महागाव
१४ जुलै २०१४

भैरवी,

तुझं पत्र पोहोचलं. उत्तर देण्याआधी एक विचारते. वसतिगृहाचा हौद गळतो हे तुला कोणी कळवलं? मी कळवलेलं नाही. देवरावभाऊजी तुझं नाव काढत नाहीत. रामसिंग गवंड्याकडे तुझा पत्ता असण्याचं कारण नाही. दरवर्षी दिवाळीला दोन ओळींचं कार्ड पाठवणाऱ्या मुलीला महागावच्या हौदाची भेग चेन्नईत बसून दिसते, याचं मला नवल वाटतं. आणि नुसतं नवलच वाटत नाही.

हौद गळतो हे खरं. तुझ्या बाबांनी तो बांधला तेव्हाच रामसिंगचा बाप म्हणाला होता, ही काळी माती पावसात फुगते अन् उन्हात आकसते, हिच्यावर सिमेंट कसं टिकेल? दरवर्षी आम्ही भेगा बुजवतो, दरवर्षी नव्या पडतात. यंदा पाऊस रुसलाय. विहिरीतून कसंबसं हौदात चढवलेलं पाणी सकाळपर्यंत मातीत मुरतं. भाऊजी आता संस्थेचे सचिव आहेत. त्यांनी बैठकीत सांगून टाकलं की दिवाळीनंतरही हौद पाणी धरत नसेल, तर हौदाच्या ज्या कप्प्याचं पाणी कमी पडेल त्या बाजूच्या मुली घरी पाठवायच्या. दिवाळीनंतर म्हणजे कापसाच्या वेचणीत. वेचणीला घरी गेलेली मुलगी पुन्हा वसतिगृहात येत नाही, हे तुला मी सांगायला नको. गेल्या वर्षी कोकिळा नावाची एक हुशार पोर अशीच गेली. परवा बाजारात दिसली, तर ओळख दाखवायला लाजली.

आणि आता तू लिहितेस, सिमेंटात जंतू मिसळायचे. ते झोपून राहतात, भेग पडून पाणी आत शिरलं की जागे होतात, सोबत दिलेलं खाद्य खातात, मागे चुनखडी ठेवतात, आणि त्या चुनखडीनं भेग भरते. वाचायला छान वाटतं. तुझं सगळं वाचायला नेहमीच छान वाटतं.

जंतूचं कूळ मात्र तू शेवटी बारीक अक्षरात लिहिलंयस. बॅसिलस. अगं, मी उभा जन्म शाळेत जीवशास्त्र शिकवलं. बीटी कापसातला ‘बी’ कोणाचा, ते मला ठाऊक आहे. त्याच जंतूचा भाऊबंद घेऊन तू पुन्हा या गावात यायचं म्हणतेस?

फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला की मला सगळं खरं वाटायला लागतं. जे काय ते लिहून पाठव.

आई


महागाव
९ ऑगस्ट २०१४

भैरवी,

दोन्ही पिशव्या आल्या, सूचनांचा कागदही आला. बॅसिलसचं घराणं मोठं आहे, त्यातला कापसाचा जंतू वेगळा आणि हा वेगळा, हे तू नीट समजावलंस. मला पटलं असं म्हणत नाही, समजलं एवढंच म्हणते. हौदाचं कोणी सांगितलं, या प्रश्नाला मात्र तू बगल दिलीस. तेही मी लक्षात ठेवलंय.

पिशव्या उघडल्या तेव्हा भाऊजी समोरच खुर्चीवर होते. त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

“वैनी, पाकिटातलं कायबी आता मले दाखवू नका.”

“बियाणं नाही हे. सिमेंटात घालायचं औषध आहे.”

“थेही औषधच होतं. फवारनी लागनार नाई म्हनत होती तुमची पोरगी. लाल्या आला, पऱ्हाटी उभीच्या उभी लाल झाली. फोटोत तं कमरेएवढ्या झाडात उभी होती हासत.”

तो फोटो मी विसरलेले नाही. तू नोकरीला होतीस त्या बियाणं कंपनीच्या पत्रकावर छापलेला, पांढऱ्याशुभ्र बोंडांत तू उभी, डोक्यावर माझा निळा स्कार्फ. शेत कुठलं तरी पाटाच्या पाण्याचं, लांबचं. आपल्या शिवाराची ती माती नव्हती, हे मला पाहताक्षणी कळलं होतं. भाऊजींना कळलं नाही. घरच्या पोरीचा फोटो, म्हणून त्यांनी पेरलं आणि त्यांच्या शब्दावर गावानं पेरलं. त्यानंतर तू जी गेलीस ती गेलीसच.

मी नागपूरला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात होते तेव्हा सिस्टर बेनेडिक्टा आम्हाला मोज्यांना रफू करायला शिकवायच्या. रफू झालं की मोजा त्यांच्या हाती द्यायचा. त्या वरून कधी बघायच्याच नाहीत. मोजा उलटा करायच्या, आत हात घालायच्या, खिडकीशी धरायच्या. “सुचित्रा, माणसं वरून शिवतात आणि आतून लपवतात.” त्या गुलमोहोराच्या व्हरांड्यात बसून ऐकलेलं ते वाक्य माझ्या अंगात इतकं मुरलंय की मला आता भाजीवाल्याचं वांगंसुद्धा उलटं करून बघितल्याशिवाय घेववत नाही. तेव्हा माझ्यावर रागावू नकोस.

मी होकार देते आहे, पण माझ्या अटींवर. हौदाला मधे भिंत घालून केलेले दोन कप्पे आहेत. पूर्वेच्या कप्प्याचं पाणी मोठ्या मुलींच्या नळांना जातं, पश्चिमेच्या कप्प्याचं लहान मुलींच्या. तू लिहिलंयस की एका कप्प्याला तुझ्या भुकटीचा गिलावा आणि दुसऱ्याला साधा द्यायचा, म्हणजे तुलना होईल. भुकटी पूर्वेला घालायची. पश्चिमेचा कप्पा साधा राहील. लहान मुलींच्या पाण्याजवळ मला तुझे जंतू नकोत. पूर्वेचं पाणीही यवतमाळच्या प्रयोगशाळेतून तपासून आल्याशिवाय कोणी पिणार नाही.

आई


महागाव
३१ ऑगस्ट २०१४

भैरवी,

गिलाव्याचं काम झालं. पहिल्या दिवशी पूर्वेचा कप्पा, तुझ्या कागदाबरहुकूम, मी छत्री घेऊन काठावर उभी राहून करवून घेतला. रामसिंग मालात भुकटी घोटताना सारखा वास घेत होता. “म्याडम, जंतू हायेत तं वळवळत काहून नाई?” मी म्हटलं, झोपलेत. तो म्हणाला, “मंग आमच्या सरकारी हापशीसारखे हायेत.”

दुसऱ्या दिवशी पश्चिमेचा साधा कप्पा झाला. त्या दुपारी मी नव्हते. यवतमाळला डोळे तपासायला गेले होते. पण साध्या सिमेंटात बघण्यासारखं काय असणार? संध्याकाळी आले तेव्हा दोन्ही कप्पे सारखे दिसत होते. धुण्याच्या ओट्याची फुटलेली कडही रामसिंगनं त्याच मालानं सारवून दिली होती.

सांडलवंडीसाठी म्हणून तू जी जास्तीची पिशवी पाठवलीस, ती लागलीच नाही. ती मी आदल्या दिवशीच कोठीत ठेवून कुलूप लावलं होतं. किल्ली स्वयंपाकाच्या मथुराबाईकडे असते. आठवते ना मथुराबाई? पोळ्या करताना अजून तशीच रेडिओवरच्या बातम्यांशी भांडते.

मुली हौदाला ‘भैरवीताईचा दवाखाना’ म्हणायला लागल्यात. तुझं नाव त्यांना कोणी सांगितलं, तेही मला कळलेलं नाही.

आई


महागाव
३ नोव्हेंबर २०१४

भैरवी,

पाण्याचा दाखला आला, दोन्ही कप्प्यांचं पाणी पिण्यालायक आहे. ती एक काळजी गेली.

दुसरी आली. ऑक्टोबरच्या उन्हानं माती आकसली आणि दोन्ही कप्प्यांना नव्या गिलाव्यावर भेगा पडल्या. काल दोन्ही रिकामे करून मी शिडीनं आत उतरले. हसू नकोस, अजून उतरता येतं मला. बॅटरी घेऊन एकेक भेग बघितली. पूर्वेची मोठी भेग आणि पश्चिमेची मोठी भेग जवळजवळ सारखीच आहे. तुझ्या सूचनेप्रमाणे कडेनं पोस्टकार्ड घालून पाहिलं. दोन्हीकडे सहज आत गेलं.

भाऊजी वरून वाकून बघत होते. “झालं? जागे झाले का जंतू?”

मी म्हटलं, पाणी भरल्यावर होतील.

“वैनी, मी तुमाले नाताळपर्यंत देतो. त्याच्यापुढं मले देता येत नाई. टँकर यवतमाळाहून येत नाई अन् विहीर रोज खाली चालली. पूर्वेचं काय व्हायचं थे हो, पन पश्चिमेकडे तं काही घातलंच नाई तुमी. थ्या लहान पोरी मंग जातील घरी.”

मला रात्रभर ते लागून राहिलं. पश्चिम साधी ठेवण्याचा हट्ट माझाच होता. आता तुझी भुकटी खोटी ठरली तर सगळ्याच मुली जातील, आणि खरी ठरली तर लहान मुली जातील. त्यांतल्या दोघींचे वडील वेचणीसाठी न्यायला येऊनसुद्धा गेले. मी त्यांना चहा पाजून, सहामाहीची परीक्षा आहे असं सांगून परत लावलं. परीक्षा दिवाळीआधीच झाली.

तू म्हणालीस ते करते आहे. दोन्ही कप्प्यांत पाणी भरून ठेवलंय. आता बघू.

आई


महागाव
७ डिसेंबर २०१४

भैरवी,

आज पुन्हा आत उतरले. पूर्वेच्या भेगेत पांढरी रेघ भरून आली आहे. नखानं खरवडली तर नखात जरा पांढरं येतं, पण रेघ निघत नाही. पोस्टकार्ड आत जात नाही. तुला वाचून आनंद होत असेल, तर थांब.

पश्चिमेच्या भेगेतही तशीच पांढरी रेघ आहे. तिथेही पोस्टकार्ड जात नाही.

त्या कप्प्यात काही घातलेलं नाही. मग तिथले कोणते जंतू जागे झाले? बारीक भेगा साध्या सिमेंटातही कधी कधी आपोआप मिटतात आणि म्हणूनच तुलना लागते, असं तू मागे एकदा लिहिलं होतंस. किती सोयीचं आहे ते. भरली तर भुकटीनं भरली, साधीही भरली तर सिमेंटाचा गुण. पण ही भेग बारीक नव्हती. पोस्टकार्ड गेलं होतं, मी घातलं होतं माझ्या हातानं.

मी फार विचार केला. एक तर तुझ्या पिशवीत चुन्याशिवाय काही नाही आणि हे सगळं असंच होणार होतं. नाही तर तुझं कोणीतरी माणूस इथं येऊन, माझ्या पाठीमागे, पश्चिमेची भेग भरून गेलं, म्हणजे लहान मुलीही राहाव्यात आणि आईनं गप्प बसावं. हौद गळतो हे ज्यानं तुला कळवलं, तेच हे माणूस. मुलींना तुझं नाव सांगणारंही तेच. रामसिंगला विचारलं तर तो थापी पुसत बसला आणि म्हणाला, “म्याडम, मले भांडनात नका घालू.” म्हणजे भांडण आहे हे त्याला माहीत आहे.

हौद पाणी धरतो आहे. भाऊजी खूश आहेत, मुलींना घरी पाठवायचं त्यांनी मागे घेतलं. मी एकटीच बसून मोजा उलटा करते आहे. पण भैरवी, पुन्हा एकदा फोटोतलं शेत मला नको. मुली राहणार असतील तर खऱ्यानं राहू देत. नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात हीच भेग उघडेल, आणि तेव्हा गाव तुला नाही, मला विचारेल.

आई


महागाव
२१ डिसेंबर २०१४

भैरवी,

तुझं पत्र दोनच ओळींचं आलं. ‘माझं तिथं कोणीही माणूस नाही. उरलेली पिशवी परत पाठव आणि विषय संपव.’ ठीक आहे म्हटलं, आणि पिशवी काढायला कोठीत गेले. पिशवी नव्हती.

पुढचं जसं झालं तसं लिहिते. मथुराबाई चुलीशी भाकरी थापत होती.

“मथुराबाई, भैरवीची पिशवी कुठाय?”

“थे तं टाकली म्या.”

“कुठं टाकली?”

“पश्चिमेच्या कप्प्यात. मालात. रामसिंगले म्हटलं, घोट बाबा हे पन. तो नाई म्हनत होता. मी म्हटलं, मंग संध्याकाळी जेवाले येऊ नको.”

“अगं, त्या कप्प्यात घालायचं नाही असं तुझ्यासमोर सांगितलं होतं मी.”

“सांगतलं होतं. पन काहून नाई घालाचं थे नाई सांगतलं.” तिनं भाकरी तव्यावर टाकली, मग माझ्याकडे वळली. “बाई, मी इतकी वर्सं या पोरीइले वाढून राह्यली. एका पंगतीत इकडच्या पोरीच्या वरनावर तूप अन् तिकडच्या पोरीले कोरडं, हे माह्या हातून होत नाई. अन् हे तं पानी हाय. पान्यात दुजाभाव आमी लई पाह्यला. माह्या सासऱ्यानं बुद्धाची दीक्षा घेतली थे काय उगीच? औषध असंल तं दोघीले, नसंल तं कोनालेच नाई.”

“आणि विष असतं तर?”

“भैरवीनं धाडलेलं?” ती हसली. “तुमी पन ना बाई.”

मी तिथल्याच पोत्यावर बसले. मग अंदाजानं विचारलं, तुझं भैरवीशी बोलणं होतं ना, मग हे तू तिला का सांगितलं नाहीस?

“थे सिमेंटाचं नाई इचारत मले. आईचं गुडघं कसं हाय, रातच्याला जेवते का, हेच इचारते. हौद गळते थे मीच बोलली होती तिले. तुमी थोडीच बोलनार होत्या.”

तर कळलं मला, कळवणारं माणूस कोण ते. आठवड्याला एक फोन, आणि मला पत्ता नाही. माझ्या स्वयंपाकघरातून.

आता माझंही ऐक. गिलाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी डोळे तपासायला गेले नव्हते. तुझ्या पिशवीतली चिमूटभर भुकटी पुडीत बांधून मी यवतमाळला पंजाबरावांकडे घेऊन गेले होते. ते आमच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे, घरी सूक्ष्मदर्शक आहे. त्यांनी दुपारभर बघितलं आणि म्हणाले, “ठिपके दिसतात बाई, पण झोपलेत की मेलेत ते मला सांगता येत नाही.” मी तुझी चोरी पकडायला गेले, म्हणून हौदापाशी नव्हते. असते तर मथुराबाईला अडवलं असतं. अडवलं असतं तर पश्चिमेची भेग उघडी राहिली असती, आणि आज त्या लहान मुली कुणाच्या तरी वावरात ओटी बांधून बोंडं वेचत असत्या.

एक गोष्ट मात्र आता आठवते. तुझ्या त्या बियाण्याच्या पाकिटासोबत साध्या बियाण्याची लहान पुडी यायची. बांधाकडेनं तिच्या ओळी लावायच्या. तू शिवारभर फिरून सांगत होतीस, साधी ओळ सोडू नका, अळी या बियाण्याला सरावू नये म्हणून ती लागते. कोणी ऐकलं नाही. चांगलं बियाणं हातात असताना साधं कोण पेरील, म्हणून सगळ्यांनी पुड्या फेकल्या. भाऊजींनी तर त्या शेळ्यांना घातल्या होत्या. याही वेळी तू साधा कप्पा मागितलास, आणि तोही तुला मिळाला नाही.

तुझी तुलना गेली, हे मला कळतं. त्याला इलाज नाही. पश्चिमेचा कप्पा फोडून पुन्हा साधा करू का, असं मी मथुराबाईला नुसतं विचारून पाहिलं. “पह्यले मले काढा, मंग करा,” म्हणाली.

आई


महागाव
११ जानेवारी २०१५

प्रिय भैरवी,

तुझ्या पत्रात शाईचा एक मोठा ठिपका पडलाय. हसताना पडला की कसा ते लिहिलेलं नाहीस. मी हसताना पडला असं धरून चालते.

परवा मुलींच्या धुण्याजवळ ऊन खात बसले होते आणि पायाखाली लक्ष गेलं. धुण्याचा ओटा. तुला लिहिलं होतं, त्याची कड रामसिंगनं त्याच दिवशी त्याच मालानं सारवली. लगेच त्याला बोलावून खोदून विचारलं. माल साधा होता तेव्हा त्यानं आधी ओटा उरकला, आणि मग मथुराबाई पिशवी घेऊन आली. म्हणजे ओट्याला तुझे जंतू मिळालेले नाहीत. त्यालाही तेव्हाच भेग पडली, रोज त्याच हौदाचं पाणी त्यावरून वाहतं, आणि ती अजून तशीच उघडी आहे. पांढरं काही नाही. पोस्टकार्ड सरळ आत जातं.

मी भाऊजींना बोलावून आधी ओटा दाखवला, मग हौदात उतरवलं. ते किती तरी वेळ आत होते. वर आले तेव्हा नखात पांढरं होतं. चहा घेताना म्हणाले, “थे साधी पुडी पेराले पाहिजे होती का मंग?” मी म्हटलं, ते मला नाही, तिला विचारा. लाल्या त्यानं टळला असता असं मी म्हणणार नाही, तूही कधी म्हणाली नव्हतीस. पण इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून प्रश्न निघाला, हे मी तुला कळवते आहे.

ओट्याच्या आणि हौदाच्या भेगांचे फोटो पाठव, असं तू लिहिलंस. मी भाऊजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “फोटो नको म्हना. मानूस ये म्हना.”

माझंही तेच म्हणणं आहे. फोटो मी पाठवणार नाही. एक भेग ओट्याची आणि एक हौदाची, दोन्ही शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या तरी कोणीही म्हणेल, ओटा वेगळ्या गावचा असेल. मी स्वतःच म्हणेन.

मुलींची तक्रार आहे की साबणाचं पाणी भेगेत साचतं आणि पाय घसरतो. रामसिंग थापी घेऊन दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा मी त्याला मथुराबाईच्या हातचं जेवू घातलं आणि परत पाठवलं. भेगेभोवती विटा लावून ठेवल्यात, म्हणजे कोणी चुकून बुजवणार नाही.

यवतमाळहून महागावची बस अजून पूर्वीच्याच फलाटावरून सुटते. एक कोरं पोस्टकार्ड मी काढून ठेवलंय. ते लिहून पेटीत टाकायचं नाही. तू आलीस की भेगेत घालून बघायचं आहे.

तुझी आई